गंजीत घातलेला हात

मंगरूळपीरहून मानोऱ्याकडे जाणाऱ्या बसमध्ये मी खिडकीशी बसायचं टाळतो. रस्त्याकडेच्या वावरात गवताची गंजी दिसली की ती घटना आजही आठवते, आणि मग उरलेला प्रवास खराब जातो. निवृत्त पोलीस अधिकाऱ्याने आठवणी लिहायच्या म्हणजे दरोडा कसा उघडकीस आणला, फरारी कसा धरला, हे लिहायचं असतं. तसल्या आठवणी माझ्याकडेही आहेत आणि त्या मी नातवंडांना पदरचं तिखटमीठ लावून सांगतो. ही मात्र बायकोलाही सांगितली नाही, कारण हिच्यात मी चांगला दिसत नाही.

तेव्हा आमचा कारभार नागपूरहून चालायचा आणि वाशीम हा अकोला जिल्ह्यातला एक तालुका होता. मी नुकताच ठाणेदार झालो होतो. ठाण्याचं, गावाचं नाव लिहीत नाही, माणसांचीही लिहीत नाही. त्यांची मुलंबाळं तिथेच नांदत आहेत. कौलारू ठाणं, समोर कडुनिंब, एक घोडा, दोन सायकली, आठ शिपाई आणि एक जुना जमादार एवढा आमचा पसारा होता. कपाटात जुन्या अंमलातलं एक जाडजूड रजिस्टर होतं. आसपासच्या तांड्यांमधल्या लोकांची नावं त्यात संशयित म्हणून लिहिलेली होती. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा तो कायदा उठला होता, पण रजिस्टर कोणी फेकलं नव्हतं. हद्दीत काही झालं की जमादार आधी ते काढून माझ्या टेबलावर ठेवायचा आणि मग पहिली खबर लिहायला बसायचा.

दिवाळी होऊन पंधरवडा झाला असेल. शेलूबाजारच्या बाजाराचा दिवस होता. दुपारी एका गावचा कोतवाल सायकल हाणत ठाण्यावर आला. गावच्या पाटलाची चिठ्ठी होती: कुरणातली गवताची मोठी गंजी भर दुपारी पेटली, संशय तांड्यातल्या अमुक इसमावर. पाटील स्वतः बाजारातून परस्पर आला आणि जबाब द्यायला बसला. मी विचारलं, आग किती वाजता दिसली?

"तांड्याचाच हाय तो, सायेब," पाटील म्हणाला. "बाकी कोनाची छाती नाई."

"वेळ विचारतोय, पाटील."

"वेळ गावाले माईत. मी बाजारात होतो. पन मानूस मले माईत हाय."

पुढे तीस वर्षं नोकरी केल्यावर माझा एक आडाखा पक्का झाला. ज्याचं खरोखर नुकसान झालेलं असतं तो आधी काय गेलं ते सांगतो. जो आधी नाव सांगतो, त्याच्या मनात ते नाव नुकसानीच्या आधीपासून असतं. तेव्हा हा आडाखा माझ्याजवळ नव्हता. माझ्याजवळ आग लावण्याचं कलम ४३५ होतं आणि आयतं नाव होतं.

भांडण जुनं होतं. ते कुरण पाटलाच्या मालकीचं, पण तांड्याची ढोरं तिथे पूर्वापार चरत आली होती. त्या वर्षी पाटलाने काट्याचं कुंपण घातलं आणि आत शिरलेल्या चार गाई कोंडवाड्यात घातल्या. त्यातल्या दोन ज्याच्या होत्या, त्याच्यावर पाटलाचा संशय. शिवाय खबरही मिळाली. पाटलाचा पुतण्या आणि गावातला एक दुकानदार, दोघांनी सांगितलं की आगीच्या दोन दिवस आधी तोच इसम कुंपण ओलांडून गंजीपाशी गेला होता आणि खांद्यापर्यंत हात आत खुपसून उभा होता. एवढं ऐकल्यावर मला दुसरं काही ऐकायचं राहिलं नाही.

आम्ही त्याला संध्याकाळच्या आत तांड्यावरून आणलं. तिशीतला, सडपातळ माणूस. तांड्याची टोळी तीन-चार दिवसांनी रस्त्याच्या कामावर खडी फोडायला निघणार होती आणि तो हातोड्याला नवा दांडा बसवत बसला होता. दांडा तसाच खाली ठेवून तो आमच्याबरोबर निघाला. त्याची बायको मागोमाग चालत आली आणि कडुनिंबाखाली बसली. खडी घनफुटावर मोजली जाते, मुकादम जोडप्यालाच उचल देतो आणि त्या दोघांचा उन्हाळा त्या कामावर निघतो, हे तिने पहाऱ्यावरच्या शिपायाला तीन-तीनदा सांगितलं. शिपायाने मला सांगितलं. मी म्हटलं, तिला पाणी द्या.

तालुक्याच्या मॅजिस्ट्रेटकडून कोठडी घेऊन दुसऱ्या दिवशी मी विचारपूस सुरू केली. मला वाटलं होतं तो नाकारेल. त्याने काहीच नाकारलं नाही.

"गंजीपाशी गेला होतास?"

"गेल्तो जी."

"कुंपण ओलांडून?"

"हो जी."

"कायले?"

"वास येऊन राह्यला होता. आंबट वास. आमी ढोरंवाले, आमाले समजते. मी हात घालून पायलं. आत तवा तापला होता, सायेब."

मी लिहून घेत होतो. अक्षर माझं चांगलं आहे, शाळेत बक्षीस मिळालेलं. मी लिहिलं: 'आरोपी गंजीत हात घातल्याचे कबूल करतो. आत तवा तापल्यासारखे होते असे सांगतो.' पहिल्या वाक्याखाली मी रेघ ओढली.

"पाटलाले काहून नाही सांगितलं?"

"पाटलानं मले दुरूनच गोटा मारला. सांगू कोनाले?"

"आणि काडी कधी लावली?"

"काडी कोठून आनू जी? आमी चकमकीनं चिलीम पेटवतो." त्याने कमरेची पिशवी सोडून गारगोटी आणि कापूस माझ्यापुढे ठेवला.

मी ते बाजूला सारलं. "कोणता हात घातला होता?"

"हा." त्याने उजवा हात स्वतःहून पुढे केला.

जमादार भिंतीशी उभा होता. मी त्याच्याकडे पाहिलं, वही उचलली आणि बाहेर ओट्यावर रोजनामचा लिहायला बसलो. या पाहण्याला आमच्या खात्यात शब्द नाही आणि ते कुठल्याही कागदावर येत नाही. रोजनामच्यात मी लिहिलं, 'आरोपीची विचारपूस चालू.' आतून आवाज आला तेव्हा कडुनिंबाखालची बाई उठून उभी राहिली. मी मान वर केली नाही. तिच्याकडे बघावं लागू नये म्हणून त्या दिवशीची नोंद मी बरीच मोठी लिहिली.

दिवस मावळायच्या आत त्याने गुन्हा कबूल केला. काडेपेटी कुठे टाकली तेही सांगितलं. दुसऱ्या दिवशी पंचांसमक्ष ती कुरणाच्या बांधावरच्या बोराटीतून काढून दिली. म्हणजे जमादाराने "इथं पाह्य" म्हटलं आणि त्याने तिथे डावा हात घातला. उजवा त्याने पोटाशी धरला होता आणि तो मनगटापासून सुजून काळानिळा झाला होता. काडेपेटी मी उघडली. कार्तिकातलं दव तिकडे असं पडतं की सकाळी धोतराचा सोगा पिळून घ्यावा. दोन रात्री त्या झुडपात पडलेली काडेपेटी, आणि आतल्या काड्या खडखडीत कोरड्या. मी ते पाहिलं. जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी काडेपेटी मिटली आणि पंचनाम्यावर पंचांचे अंगठे घेतले.

पोलिसापुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, म्हणून सोमवारी त्याला मॅजिस्ट्रेटपुढे उभं करायचं ठरलं. त्याआधी घटनास्थळाचा नकाशा काढायचा राहिला होता. तो शिपायाकडून काढून घेता आला असता, पण खुशीत होतो. चार दिवसांत गुन्हा उघडकीस आणला होता. घोडा काढला आणि सकाळीच कुरणावर गेलो.

जळालेल्या गंजीचा राखेचा ढीग होता. तिच्यापासून पन्नास-साठ पावलांवर दुसरी गंजी होती, तेवढीच मोठी. पाटलाचा सालदार, म्हणजे वर्षाच्या कराराने राहिलेला म्हातारा गडी, तिथे राखणीला बसला होता. मी त्याला म्हटलं, घोड्यापुढे चार पेंढ्या टाक. त्याने खाली हात घालून पेंढ्या ओढल्या. गवत तंबाखूसारखं तपकिरी झालं होतं. घोड्याने हुंगलं, नाक फेंदारलं आणि तोंड फिरवलं.

वास मलाही आला. आंबट, थोडा गोडसर.

का कोण जाणे, मी मोजणीचा टेप खाली ठेवला, बाही वर केली आणि गंजीत हात घातला. कोपरापर्यंत ऊब होती. आणखी आत सरकवला आणि झटक्यात बाहेर काढला. बोटं लाल झाली होती. चुलीवरच्या तव्याला हात लागावा तसं झालं. आणि 'तवा' हा शब्द माझ्याच हस्ताक्षरात माझ्या डोळ्यांपुढे आला.

"हे काय आहे?" मी सालदाराला विचारलं.

"वलं गवत हाय, सायेब. वलं रचलं का आतल्या आत शिजते. मंग एक दिवस धूर निंगते. पयली गंजी असीच गेली."

"आणि ही?"

"हे बी जाईन. चार रोज, आठ रोज."

मी लाल झालेल्या बोटांकडे पाहिलं. ज्याच्याकडून पहिली गंजी पेटवल्याचं मी कबूल करून घेतलं होतं, तो चार दिवसांपासून माझ्या कोठडीत होता. ही दुसरी कोण पेटवत होतं?

"तुला हे ठाऊक होतं, तर बोलला का नाहीस?"

"मले कोनं इचारलं, सायेब?" म्हातारा शांतपणे म्हणाला. "पंचनाम्याच्या रोजी तुमी आले, मी इथंच बसून होतो. मालकाले म्यां कापतानीच सांगतलं होतं, दसऱ्याचा पाऊस झाला, गवत वलं हाय, आठ रोज वाळू द्या. मालक म्हने, वाळेपावतर तांड्याचे ढोरं चरून टाकतीन. रच आजच्या आज."

मी गावातून माणसं बोलावली, घागरी भरून ठेवल्या आणि गंजी उकलायला लावली. वरचं गवत पिवळंधम्मक होतं. कमरेइतकं खाली गेल्यावर ते काळं लागलं आणि हवा लागताच आतून जाळ निघाला. घागरी ओतून विझवावा लागला. अर्धं गाव बघत होतं, त्यात पाटील, त्याचा पुतण्या आणि तो दुकानदारही होता. आपल्या डोळ्यांनी पाहिल्यावर तरी पाटील वरमेल, असं मला वाटलं. माणसांबद्दलचा माझा अंदाज तेव्हा असाच चुकायचा.

"पाटील, पाहिलं ना? कोणी पेटवली तुमची गंजी?"

पाटलाने राखेकडे पाहिलं. मग म्हणाला, "तांड्याच्या भेवानंच वलं रचलं ना म्यां? नाईतर मले का घाई होती? मंग दोष कोनाचा झाला, तुमीच सांगा."

आजूबाजूच्या चार जणांनी माना डोलावल्या. मला इतका संताप आला की पाटलाला मी तिथेच नको ते बोललो. अडाणी, उलट्या काळजाचा, आपल्या हाताने घर जाळून शेजाऱ्याच्या नावाने बोंब मारणारा. परतताना रस्ताभर त्याला मनातल्या मनात शिव्या घालत होतो. ठाणं दिसू लागलं, कडुनिंबाखालची बाई दिसली, आणि घोड्यावर बसल्या बसल्या माझ्या लक्षात आलं की मीही सकाळपासून दुसऱ्याच्याच नावाने बोंब मारतो आहे.

तरी सवय एका दिवसात जात नाही. ठाण्यात शिरताच मी जमादाराला धारेवर धरलं. काडेपेटी कुठून आली, हात का मोडला, सगळं त्याच्यावर टाकलं. जमादाराने ऐकून घेतलं. वीस वर्षं नोकरी झालेला माणूस, निवृत्तीला आलेला.

"सायेब," तो म्हणाला, "कोनता हात, हे तुमी इचारलं. म्या नाई इचारलं. अन् काडेपेटी तुमी उघडून पायली होती."

त्याला मी उद्धट म्हणालो आणि बाहेर घालवलं. दुसरं काय म्हणणार होतो?

कलम १६९ खाली पुरावा नसल्याचा अहवाल लिहून त्याला सोडलं. कोठडीचं दार उघडलं तेव्हा तो उजवा हात डाव्यात धरून बाहेर आला. उकललेल्या गंजीची बातमी त्याला शिपायांकडून कळली होती. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं, "गैरसमज झाला."

तो माझ्या टेबलाकडे बघत होता. तिथे वही होती.

"सायेब, म्या तं सांगतलं होतं. आत तवा हाय म्हनून," तो म्हणाला. "तुमी लिवून बी घेतलं होतं."

त्याच्या आवाजात राग नव्हता. हिशेबाची चूक दाखवावी तसं त्याने दाखवलं. बायकोने कडुनिंबाखालचं गाठोडं उचललं. टोळी आदल्या दिवशीच निघून गेली होती. जाताना ती शिपायाला म्हणाली, "हातोडा आता कोन उचलन?" शिपायाने मला सांगितलं. या वेळी पाणी द्या म्हणायचीही सोय नव्हती.

प्रकरण मिटलं. अहवालात मी लिहिलं की फिर्यादीने गैरसमजुतीने खबर दिली. काडेपेटीबद्दल एक ओळ लिहिली, तीही अशी की वाचणाऱ्याला काही कळू नये. हाताबद्दल लिहिलं नाही. वरून शेरा आला: तपास समाधानकारक. पाटलावर खोट्या खबरेबद्दल कारवाई करावी, असं मला वाटलं होतं आणि कागद तयारही केला होता. पण तो करायचा तर खोट्या काडेपेटीचा कागदही शेजारी ठेवावा लागला असता. पाटलाचा कागद मी फाडून टाकला.

पुढच्या नोकरीत मी एक नियम पाळला. जबाब लिहून झाला की ज्या वाक्याखाली रेघ ओढावीशी वाटेल त्याच्या पुढचं वाक्य दोनदा वाचायचं. त्या नियमाने काही माणसं वाचली असतील, मोजलेली नाहीत. ते जुनं रजिस्टरही मी बांधून जिल्ह्याला पाठवून दिलं. लोक म्हणायचे, हा ठाणेदार फार विचार करून माणूस आणतो. कौतुकाने म्हणायचे आणि मी ते घ्यायचो. पण स्वतःशी खरं बोलायचं तर पुष्कळ वर्षं मी ती गोष्ट मनातल्या मनात अशीच सांगत आलो: पाटील हट्टी होता, पुतण्या खोडसाळ होता, जमादार हाताचा जड होता. सगळ्यांची नावं घेऊन झाल्यावर एक नाव उरायचं आणि तिथे आलो की मी उठून पाणी प्यायला जायचो. पाटलाला मी अडाणी म्हणालो होतो. त्याने निदान भर कुरणात, सगळ्यांसमोर सांगितलं होतं की ओलं गवत मीच रचलं.

त्या माणसाला मी आणखी एकदा पाहिलं. पुढच्या उन्हाळ्यात, मंगरूळपीरच्या अलीकडे रस्त्याचं काम चालू होतं. बाया-माणसं खडी फोडत होती. मी घोड्यावर होतो आणि बरोबर एक नवा शिपाई सायकल रेटत होता. खडीच्या ढिगाशी ती बाई हातोडा मारत होती, आणि तो तिच्यापुढे डाव्या हाताने दगड सरकवत होता. उजवा हात मांडीवर होता, बोटं वळलेली. मुकादमाने सगळ्यांना उभं केलं, तसा तोही उठला आणि त्याने डावा हात कपाळाला लावून रामराम केला.

"ए, सायेबाले डाव्या हातानं रामराम करतं काय बे?" शिपाई ओरडला. "उजवा काय गहान ठेवला?"

त्याने माझ्याकडे पाहिलं. ढिगावरची बाई हातोडा हातात तसाच धरून माझ्याकडे बघत होती. शिपाई नवा होता, त्याला काही ठाऊक नव्हतं. खाली उतरून, सगळ्यांसमोर, त्याला सांगायला दोन वाक्यं पुरली असती.

मी घोड्याला टाच मारली आणि पुढे गेलो.